जात, जमीन आणि बाई एकाच तक्त्यात : विदर्भातल्या गावात आंतरछेदी विषमतेचा सांख्यिकी अभ्यास कसा करावा

विद्यापीठ अमरावतीचे असो, नागपूरचे की गडचिरोलीचे गोंडवाना, सामाजिक शास्त्रांच्या सिनॉप्सिसचा एक साचा ठरलेला आहे. 'अमुक तालुक्यातील शेतकऱ्यांच्या कर्जविषयक समस्या : एक अभ्यास.' तीनशे प्रश्नावल्या. मग एक तक्ता जातीनुसार, एक लिंगानुसार, एक जमिनीनुसार. प्रत्येकाखाली काय-स्क्वेअर चाचणी आणि शेवटी 'गृहीतक सिद्ध झाले'.

यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणी तालुक्यातली, तीन एकर कोरडवाहू कसणारी एखादी कोलाम विधवा या तक्त्यांत शोधून पाहा. पहिल्या तक्त्यात ती 'अनुसूचित जमाती'त आहे, पण तिथले बहुतेक उत्तरदाते पुरुष. दुसऱ्यात ती 'स्त्री' आहे, पण तिथे ओबीसी घरांतल्या बायकांची संख्या मोठी. तिसऱ्यात ती 'अल्पभूधारक'. तिन्ही ठिकाणी तिची नोंद आहे आणि तिन्ही ठिकाणी ती सरासरीत विरून गेली आहे. आंतरछेदी अभ्यास म्हणजे हे तीन तक्ते एकमेकांत गुंफून तिचा चौकोन (तक्त्यातला खण) वेगळा काढणे. सांगायला सोपे आहे, पण संख्याशास्त्रात आणि गावात दोन्हीकडे त्याच्या अडचणी आहेत. हा लेख एम.ए.चा प्रबंध किंवा पीएच.डी. नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी आहे. रिग्रेशन कोर्सवर्कमध्ये एकदा शिकून झाले आहे, एवढे मी धरून चालतो.

विचार कुठून आला, थोडक्यात

अमेरिकेत पाच कृष्णवर्णीय कामगार स्त्रियांनी जनरल मोटर्सवर दावा लावला होता. १९६४ पूर्वी कंपनीने कृष्णवर्णीय बायकांना कामावर घेतलेच नव्हते. त्यामुळे मंदीत 'शेवटी आला तो आधी गेला' या नियमाने कपात झाली, तेव्हा १९७० नंतर लागलेल्या सगळ्या कृष्णवर्णीय बायका बाहेर पडल्या. १९७६ साली न्यायालयाने म्हटले की वंशाचा दावा लावा किंवा लिंगाचा लावा, दोन्ही मिळून तिसरा प्रकार चालणार नाही. कंपनीने बायका घेतल्या होत्या, पण त्या गोऱ्या. कृष्णवर्णीय घेतले होते, पण ते पुरुष. दोन्ही तक्ते स्वच्छ होते. किंबर्ली क्रेनशॉ यांनी १९८९ साली याच खटल्याचा आधार घेऊन 'इंटरसेक्शनॅलिटी'ची मांडणी केली.

व्हायवाला कुणी 'हे परदेशी खूळ इकडे कशाला' असे विचारलेच, तर उत्तर घरचेच आहे. मुक्ताबाई साळवे यांनी १८५५ साली मांग-महारांच्या बायका छपराविना, थंडी-पावसात बाळंत होतात हे लिहिले. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे १८८२ साली लिहीत होत्या, तेव्हा त्यांच्यासमोर प्रश्न होता उच्चवर्णीय विधवेचा. दोघी बाईपणाबद्दलच लिहितात, पण दोघींचे दुःख एक नाही. जात टिकते ती बाईच्या लग्नावर आणि वैधव्यावर ताबा ठेवून, हे डॉ. आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात मांडले. प्रस्तावनेला एवढे पुरे. त्यावर चाळीस पाने खर्च करू नका.

पहिली पायरी : प्रश्न एकाच गोष्टीचा ठेवा

'समस्या' मोजता येत नाहीत. 'गेल्या खरिपात बँकेचे किंवा सोसायटीचे पीककर्ज मिळाले का' हे मोजता येते. पुढे सगळीकडे हेच उदाहरण वापरतो, कारण विदर्भात पीककर्जाच्या दारात जात, लिंग आणि जमीन तिघीही उभ्या असतात.

दाराची रचना आधी कागदावर मांडा. कर्जाला सातबारा लागतो. सातबारा बहुधा नवऱ्याच्या, सासऱ्याच्या नावावर. मक्त्याने (ठोक रकमेवर) किंवा बटईने (पिकाच्या वाट्यावर) वावर करणाऱ्याकडे बहुतेक वेळा तोंडी बोलीशिवाय काहीच नसते, कारण लिहून दिले तर कूळ लागेल अशी मालकाला धास्ती. विदर्भाला १९५८चा स्वतंत्र कूळ कायदा आहे, तो चाळून ठेवा. जंगलालगतच्या आदिवासीकडे सातबाऱ्याऐवजी वनपट्टा असू शकतो.

इथे एक गंमत आहे. २००६च्या वनहक्क कायद्यानुसार विवाहितांचा वैयक्तिक पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे द्यावा लागतो. म्हणजे 'जमिनीच्या कागदावर बाईचे नाव आहे का' एवढेच मोजले, तर पट्टाधारक गोंड बाई सधन घरातल्या कुणबी बाईच्या पुढे निघू शकते. आणि 'कर्ज मिळाले का' मोजले तर चित्र उलटे दिसू शकते. म्हणून आदिवासी अधिक स्त्री म्हणजे दुप्पट तोटा, हे गणित डोक्यात धरून गावात जाऊ नका. छेद कोणत्या दिशेला वळतो हेच तर शोधायचे आहे.

दुसरी पायरी : गट पाडणे

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. सॉफ्टवेअर काय, चार दिवसांत येते.

राष्ट्रीय सर्वेक्षणांत सामाजिक गट चारच असतात : अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, ओबीसी, इतर. विदर्भात ही चौकट टाकली की 'ओबीसी' या एका खणात कोण कोण येऊन बसते ते पाहा. गावची पाटीलकी आणि ओलिताचे वावर असलेला कुणबी, तेली, माळी, शिवाय पुसद-दिग्रस-मानोरा पट्ट्यातला बंजारा. बंजारा महाराष्ट्राच्या यादीत विमुक्त जाती 'अ'मध्ये, केंद्राच्या यादीत ओबीसी, तेलंगणात जमात आणि कर्नाटकात अनुसूचित जात. राज्याच्या यादीत धनगर भटक्या जमाती 'क'मध्ये, वंजारी 'ड'मध्ये. फासेपारधी अनुसूचित जमातीत आहेत, पण त्यांचा बेडा (वस्ती) आणि गोंडांचा टोला (पाडा) यांचे गावाशी असलेले नाते अगदी निराळे. कोलाम आणि माडिया गोंड हे विशेष असुरक्षित आदिवासी गटांत मोडतात, परधान मोडत नाहीत.

उपाय असा की प्रश्नावलीत जात जशी सांगितली तशी, पूर्ण नावाने लिहून घ्या. गट नंतर पाडा. आधीच गटावर टिकमार्क करून आणलात तर नंतर फोडता येत नाही. बौद्धांबाबत धर्म आणि जात-प्रवर्ग हे दोन वेगळे रकाने ठेवा. नवबौद्धांना १९९०पासून अनुसूचित जातीचा दर्जा आहे, पण जातीच्या प्रश्नाला बरेच जण नुसते 'बौद्ध' म्हणतात आणि नवखा सर्वेक्षक त्याला 'इतर'मध्ये टाकून मोकळा होतो.

जमिनीचेही तसेच. एकर विचारून थांबू नका; ओलीत किती, कोरडवाहू किती, मक्त्याने घेतलेली किती, दिलेली किती. दोन एकर ओलीत आणि दोन एकर मुरमाड कोरडवाहू हे एक नव्हे. पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्यात बोडी-तलावाचे पाणी मिळते का, तेही.

रेशनकार्डाच्या रंगावरून गरिबी मोजायचा मोह होतो. अमरावती विभाग आणि वर्धा जिल्ह्यात २०१५पासून केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांनाही स्वस्त धान्य होते, २०२३ पासून त्याऐवजी खात्यात पैसे सुरू झाले. चंद्रपूर-गडचिरोलीत ही योजना नव्हती. तोच केशरी रंग, अर्थ दोन. कार्डापेक्षा घर, जनावरे, दुचाकी, पंप असे सरळ विचारलेले बरे.

अक्ष, म्हणजे जात-लिंग-जमीन असे निकष, किती घ्यावे? तीन. फार तर चार, तेही वैवाहिक स्थितीसाठी, कारण विधवा आणि परित्यक्ता यांचा प्रश्न कर्जाच्या बाबतीत वेगळाच असतो. अक्ष निवडताना एकच कसोटी लावा : हा अक्ष कर्जाच्या दारात नेमका कुठे आडवा येतो, ते एका वाक्यात सांगता येते का?

तिसरी पायरी : कोरा तक्ता हाताने भरा

सामाजिक गट पाच, लिंग दोन, जमिनीचे वर्ग तीन. चौकोन झाले ३०. नमुना ३००, म्हणजे सरासरी चौकोनाला १० माणसे. आता १० माणसांच्या चौकोनात निम्म्यांना कर्ज मिळाले असे निघाले, तर त्या ५० टक्क्यांची ९५ टक्के विश्वासमर्यादा (कॉन्फिडन्स इंटरव्हल) साधारण १९ ते ८१ टक्के. ही मर्यादा लिहून गाइडच्या टेबलावर ठेवा, काहीच सांगावे लागणार नाही. चौकोनात ३० माणसे असली तर मर्यादा सुमारे १८ टक्के इकडे-तिकडे, ५० असली तर १४.

शिवाय माणसे सरासरीने वाटली जात नाहीत. कुणबी-पुरुष-दहा एकरांवर या चौकोनात चाळीस येतील आणि विमुक्त-स्त्री-पाच एकरांवर यात शून्य. शून्य आले म्हणजे अभ्यास फसला असे नाही. गावोगाव फिरून, सगळी घरे धरूनही त्या चौकोनात बाई सापडत नसेल, तर तो तुमचा पहिला निष्कर्ष आहे, तो प्रबंधात तसाच छापा. पण तुमच्या नमुन्याच्या यादीतच ती नव्हती म्हणून शून्य आले असेल, तर तो दोष तुमचा. या दोन शून्यांतला फरक सांगता यायला हवा. त्यासाठीच पुढची पायरी.

चौथी पायरी : नमुना

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! यादीत नसलेले घर कोणत्याही रिग्रेशनने परत येत नाही.

ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे कर आकारणी नोंदवहीत, अतिक्रमणातली घरे सुटलेली असू शकतात. मतदार यादीत नव्याने आलेल्या सुना नसतात, कामाला बाहेर गेलेले असतात. गावाला जोडलेला तांडा, दोन किलोमीटरवरचा कोलामांचा पोड किंवा पारध्यांचा बेडा महसुली गाव एकच असल्यामुळे कागदावर दिसतो, पण सर्वेक्षक चौकातून परततो. आशाताई आणि अंगणवाडीताई यांच्या नोंदवह्या माझ्या मते सगळ्यात भरवशाच्या, कारण त्यांना प्रत्येक घरी जावेच लागते. तीन याद्या समोरासमोर ठेवून एक स्वतःची यादी करा. प्रत्येक गावाला एक दिवस जाईल. जाऊ द्या.

मग लहान गटांतून मुद्दाम जास्त घरे घ्या. समजा तालुक्यात कोलाम घरे दहापैकी एक आहेत, आणि तुम्ही नमुन्यात चारपैकी एक घेतलीत. गटांची तुलना करताना याचा फायदाच होतो. पण 'तालुक्यात एकूण किती टक्क्यांना कर्ज नाही' असे लिहायचे तेव्हा भारांक (वेट) लावावा लागेल : कोलाम घराला ०.१० भागिले ०.२५ म्हणजे ०.४, आणि बाकीच्यांना ०.९० भागिले ०.७५ म्हणजे १.२. हा भारांक विसरून काढलेली एकूण टक्केवारी चुकीचीच.

गावे किती, घरे किती? एका गावातली माणसे एकमेकांसारखी असतात. बँक एकच, सचिव एकच, पाऊस एकच. समजा प्रत्येक गावातून २० घरे घेतली आणि गावांतर्गत सहसंबंध फक्त ०.०५ आहे. तरी विचरण (व्हेरियन्स) १ अधिक १९ गुणिले ०.०५, म्हणजे १.९५ पट फुगते. तुमचे ३०० उत्तरदाते साधारण १५४ इतकेच बोलतात. म्हणून पंधरा गावांत वीस-वीस करण्याऐवजी तीस गावांत दहा-दहा करा. एसटीचे भाडे वाढेल, पण नमुन्याला खरी किंमत येईल.

वेळही पाहा. जूनच्या पेरणीत आणि कापूस वेचणीच्या ऐन भरात कुणाला फुरसत नसते. मेळघाटातली कोरकू कुटुंबे दिवाळीनंतर कामाला बाहेर पडतात, होळीला परततात. जानेवारीत धारणीला जाऊन सर्वेक्षण केले तर गावात राहू शकतात तेवढीच घरे नमुन्यात येणार.

पाचवी पायरी : प्रश्न विचारणे

"मावशी, तुमचा व्यवसाय काय लिहू?"

"काई नाई जी, घरीच रायतो," असे म्हणणारी मावशी त्याच वेळी कमरेची कापसाची झोळी सोडत असते. प्रश्नावलीत 'गृहिणी' पडते आणि विश्लेषणात शेतकरी स्त्रिया अचानक कमी होतात. त्याऐवजी विचारा : गेल्या सात दिवसांत घरच्या वावरात किती दिवस? दुसऱ्याच्या वावरात किती? रोजाने की किलोवर? पैसे कुणाच्या हातात आले? बियाणे कोणते घ्यायचे ते कोण ठरवते? पाच प्रश्न होतात, पण शेतकरी कोण हे कळते.

कुटुंबप्रमुखालाच विचारायचे ही सवय सोडा. आपला प्रश्न व्यक्तीचा आहे. घरात वावर कसणाऱ्या प्रौढांची यादी करा आणि चिठ्ठी टाकून एकाला निवडा. नवरा शेजारी बसून उत्तरे देऊ लागला तर त्याच्याशी दुसऱ्या मित्राला पिकांबद्दल बोलत बसवा. एकट्याने जाऊन हे साधत नाही. उत्तर कुणासमोर घेतले याचा एक रकाना ठेवा, तो विश्लेषणात कामी येतो.

कुणाच्या ओट्यावर पहिला चहा घेता यावरही पुढची उत्तरे ठरतात. सरपंचांना भेटणे आवश्यक आहे, पण त्यांच्याच माणसाला सोबत घेऊन बौद्ध वस्तीत किंवा तांड्यावर गेलात तर कर्ज का नाकारले हे कुणी सांगणार नाही. गोंडी, कोलामी, कोरकू, गोरबोली बोलणाऱ्या भागात स्थानिक पदवीधर मुलीला मानधन देऊन सोबत घ्या आणि प्रश्न आधी तिच्याकडून त्या भाषेत बोलून घ्या. सर्वेक्षकाची जात, लिंग आणि भाषा हीसुद्धा नोंद ठेवायची गोष्ट आहे.

उत्पन्नाचा प्रश्न अगदी शेवटी. सरकारी योजनेचे नाव कटेल ही भीती आजकाल घरोघर आहे, त्यामुळे आकडा खालीच सांगितला जातो. संमतीपत्रावर अंगठा मागू नका. सावकाराच्या कागदावर अंगठा दिलेल्या घरात कोऱ्या वाटणाऱ्या कागदावर अंगठा मागणे म्हणजे संशय ओढवून घेणे. तोंडी संमती, साक्षीदारासमोर, आणि त्यासाठी विद्यापीठाच्या नैतिकता समितीची आधीच लेखी परवानगी. फोनवर भरायची प्रश्नावली कोबो टूलबॉक्सवर फुकट बनते, मराठीत चालते, नेटवर्क नसले तरी भरता येते.

तयार आकडेवारी वापरायची असेल तर

स्वतःचे सर्वेक्षण करायला पैसा-वेळ नसेल, तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, श्रमशक्ती सर्वेक्षण आणि राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची २०१९ मधली ७७वी फेरी हे पर्याय आहेत. या फेरीत शेतकरी कुटुंबांची स्थिती, जमीन आणि पशुधन एकत्र विचारले आहे. पण जिल्ह्यावर उतरू नका. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१च्या फेरीत देशभरातून ६,३६,६९९ घरे आणि ७०७ जिल्हे होते, म्हणजे जिल्ह्यामागे सरासरी ९००. त्याचे तीस चौकोन करून वाशीमबद्दल ठाम विधान करणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे. विदर्भाचे अकराही जिल्हे एकत्र घ्या, आणि 'ओबीसी' खणाबद्दल वर म्हटले ते मर्यादांच्या प्रकरणात स्पष्ट लिहा.

सहावी पायरी : बेरीज की गुणाकार

आता विश्लेषण. इथे भलेभले घसरतात, म्हणून सावकाश. आकडे निव्वळ समजण्यासाठी घेतलेले आहेत. समजा कर्ज न मिळालेल्यांचे प्रमाण असे आहे : बिगर-आदिवासी पुरुष २० टक्के, बिगर-आदिवासी स्त्री ३०, आदिवासी पुरुष ४०, आदिवासी स्त्री ६०.

बेरजेने पाहू. स्त्री असल्याने १० वाढले, आदिवासी असल्याने २०. दोन्हींची बेरीज धरली तर आदिवासी स्त्रीचे ५० यायला हवे होते. आले ६०. म्हणजे छेदावर १० टक्के जादा.

गुणाकाराने पाहू. स्त्री असल्याने दीडपट, आदिवासी असल्याने दुप्पट. दीड गुणिले दोन तीनपट, २०ची तीनपट ६०. आले ६०च. छेदावर काहीही जादा नाही!

आणि तुम्ही चालवणार ते लॉजिस्टिक रिग्रेशन. ते शक्यतांच्या गुणोत्तरात (ऑड्स रेशो) बोलते; शक्यता म्हणजे कर्ज न मिळालेले भागिले मिळालेले. स्त्रीचे गुणोत्तर १.७१, आदिवासीचे २.६७, गुणाकार ४.५७, प्रत्यक्ष गुणोत्तर ६. भागाकार १.३१. म्हणजे परस्परक्रियेच्या (इंटरॅक्शनच्या) पदाचे गुणोत्तर १.३१ येईल, ३०० च्या नमुन्यात पी-मूल्य ०.०५च्या वर जाण्याचीच शक्यता मोठी, आणि विद्यार्थी लिहून टाकेल, 'जात व लिंग यांची परस्परक्रिया आढळली नाही'. त्याच चार आकड्यांतून तीन उत्तरे!

आणखी पुढे : 'कर्ज न मिळाले' ऐवजी 'कर्ज मिळाले' धरा. प्रमाणे ८०, ७०, ६०, ४०. गुणाकाराने आदिवासी स्त्रीचे ५२.५ यायला हवे, आले ४०. मघाशी शून्य असलेली परस्परक्रिया आता दिसू लागली. बेरजेचा फरक मात्र तोच राहिला, १० टक्के.

माझे मत स्पष्ट आहे. किती माणसांना कर्ज मिळत नाही हा धोरणाचा प्रश्न असेल तर बेरजेची मोजपट्टी मुख्य ठेवा, कारण १०० आदिवासी स्त्रियांमागे १० जणी जादा बाहेर राहतात ही गोष्ट गुणोत्तर लपवते. लॉजिस्टिक चालवा, पण त्यातून प्रत्येक चौकोनाची अनुमानित टक्केवारी काढा आणि तक्त्यात ती छापा, विश्वासमर्यादेसह. कोणत्या मोजपट्टीवर बोलत आहात हे प्रत्येक तक्त्याखाली लिहा. आणि परस्परक्रियेची प्रमाण त्रुटी मुख्य परिणामाच्या साधारण दुप्पट असते, त्यामुळे तेवढाच परिणाम तेवढ्याच खात्रीने पकडायला चौपट नमुना लागतो. 'आढळली नाही' आणि 'नाही' यांत फरक करा.

जमीन 'कंट्रोल' करताना सांभाळा

मॉडेलमध्ये जमिनीचे चल टाकले की जातीचा आणि लिंगाचा फरक आकसतो. मग वाक्य येते : 'जमीन नियंत्रित केल्यावर जातीचा परिणाम उरत नाही.' अहो, जमीन कुणाकडे आहे हे जातीने आणि लिंगानेच तर ठरवले. जमीन हा मधला दुवा आहे. तो मॉडेलमध्ये घालून तुम्ही परिणामाचा मुख्य रस्ताच बंद केलात. दोन मॉडेल द्या, एक जमिनीशिवाय, एक जमिनीसह, आणि दोन्हींतल्या फरकाचा अर्थ लावा. जमीन हा तुमचा छेदाचा अक्षच असेल, तर ती नियंत्रणाच्या यादीत न टाकता चौकोन पाडण्यात वापरा.

सातवी पायरी : चौकोनांना पातळी मानणे

चौकोन तीस असले की परस्परक्रियेची पदे हाताबाहेर जातात. त्यावर गेल्या काही वर्षांत रूढ झालेली पद्धत म्हणजे बहुस्तरीय मॉडेल, ज्याला 'मैहदा' (MAIHDA) म्हणतात. क्लेअर एव्हान्स, हुआन मेर्लो आदींनी ती आरोग्याच्या अभ्यासात रुळवली. एरवी आपण विद्यार्थी शाळेत आणि शाळा तालुक्यात अशी उतरंड लावतो, इथे व्यक्ती चौकोनात बसते.

पहिले मॉडेल रिकामे, फक्त चौकोनांचा यादृच्छिक परिणाम (रँडम इफेक्ट). त्यातून एकूण विचरणापैकी किती वाटा चौकोनांमधला, ते काढा. लॉजिस्टिकमध्ये व्यक्तीच्या पातळीचे विचरण ३.२९ धरतात, तेव्हा चौकोनांचे विचरण समजा ०.४५ आले तर वाटा ०.४५ भागिले ३.७४, म्हणजे १२ टक्के. दुसऱ्या मॉडेलमध्ये जात, लिंग, जमीन ही मुख्य पदे टाका. विचरण ०.०९वर उतरले, तर पाचातले चार भाग साध्या बेरजेने समजले, उरलेला एक भाग छेदाचा. मग कोणत्या चौकोनाचा अवशेष (रेसिड्युअल) सर्वात मोठा, ते पाहा. ही 'बेरीज' लॉगच्या मोजपट्टीवरची आहे, हे वरचे प्रकरण वाचल्यावर वेगळे सांगायला नको.

लहान चौकोनांचे अंदाज ही पद्धत सरासरीकडे खेचते. दोन माणसांच्या चौकोनात दोघांनाही कर्ज नाही म्हणून '१०० टक्के' अशी आरोळी ठोकली जात नाही, हा फायदा. पण खरोखरच वेगळा असलेला लहान गट, उदाहरणार्थ पारधी बेड्यावरच्या बायका, सरासरीकडे ओढला जातो, हा तोटा. अशा गटासाठी आकड्यांवर न थांबता आठ-दहा सविस्तर मुलाखती घ्या. गावाचा यादृच्छिक परिणामही सोबत ठेवा. 'आर' हे सॉफ्टवेअर फुकट आहे, बहुस्तरीय मॉडेलसाठी 'एलएमई४' आणि भारांकासाठी 'सर्व्हे' ही पॅकेजे त्यात मिळतात. विभागात एसपीएसएसच असेल तर तेही चालेल, पण प्रत्येक आज्ञा फाइलमध्ये साठवा, माउसने केलेले काम सहा महिन्यांनी आठवत नाही.

आठवी पायरी : लिहिणे आणि गावाला परत सांगणे

'कोलाम असल्यामुळे कर्ज मिळत नाही' असे लिहू नका. कोलाम असणे हे कारण नव्हे. कागद नसणे, बँकेचे अंतर, सचिवाचा नकार, जामीनदार न मिळणे ही कारणे, आणि ती कुणाच्या वाट्याला का येतात हे सांगायचे. प्रश्नावलीत 'अर्ज केला का', 'नाही तर का नाही', 'केला तर कुठे अडला' असे तीन टप्पे विचारले असतील तर हे लिहिता येते. अर्जच न केलेली बाई आणि अर्ज नाकारलेली बाई एकाच 'नाही'त टाकली असेल तर मात्र अडचण आहे, म्हणून पायलटमध्येच (आधीच्या चाचणी फेरीत) हे तपासा.

छोटे चौकोन माणूस उघडा पाडतात. 'गाव क्रमांक ७, कोलाम, विधवा, पाच एकरांवर : १' असा तक्ता छापला की गावात तिचे नाव घ्यायची गरज उरत नाही, आणि तिने सावकाराबद्दल सांगितलेलेही त्याच ओळीत असते. पाचपेक्षा कमी माणसांचे चौकोन गावपातळीवर छापू नका, तालुक्यावर एकत्र करा. गावाचे नाव बदलले तरी लोकसंख्या आणि धरणाचे नाव दिले तर गाव ओळखू येतेच, तेही टाळा.

निष्कर्ष गावाला सांगायचे असतील, आणि सांगावेत, तर ग्रामसभेत सगळ्यांसमोर जात-लिंगाचा तक्ता वाचून दाखवू नका. बचत गटाच्या बैठकीत, तांड्यावर, पोडावर, वस्तीत वेगवेगळे बसा. तालुक्याचेच आकडे सांगा. आणि अर्ज कुठे अडतो तो टप्पा दाखवा, कारण ऐकणाऱ्याला उपयोगी पडते ते तेवढेच. बँकेचे शाखा व्यवस्थापक आणि सोसायटीचे सचिव यांना लेखी प्रत वेगळी द्या, तीत उत्तरदात्यांच्या गावांची यादी नको.